धक्क्यापासून पंधरा मिनिटांवर

सकाळचे साडेआठ. जहाज ब्रिजटाऊनच्या धक्क्याला लागून बराच वेळ झालेला आणि उतरणाऱ्यांची रांग शिडीच्या तोंडाशी खोळंबलेली. सनस्क्रीनचा खोबरेल वास, त्यात डिझेलचा, मागून बुफेतल्या ऑम्लेटचा. रांगेत एक मराठी कुटुंब होतं. मुलगा, सून, आजी, दोन नातवंडं आणि आजोबा. आजोबांच्या अंगात भारतीय संघाची निळी जर्सी, पाठीवर रोहित शर्माचा ४५. सून फोनमध्ये बघत म्हणाली, "बाबा, इथं बघण्यासारखं फारसं काही दिसत नाहीये. बीचवर जाऊ आणि चारपर्यंत परत येऊ." आजोबा म्हणाले, "चालेल की. समुद्र तर समुद्र." त्यांच्या मागे, कठड्यापलीकडे, गोदामांच्या छपरांवरून केन्सिंग्टन ओव्हल या क्रिकेट मैदानाचे दिव्यांचे खांब उन्हात उभे होते. रांग सरकली, टॅक्सी आली, सगळे गेले.

कुणाचंच काही चुकलं नव्हतं. बार्बाडोसचा समुद्र बघावा असाच आहे आणि सुट्टीवर आलेल्या माणसानं शहाणपणा करायलाच हवा असं कुठे लिहिलंय? तरी ते वाक्य कुसळासारखं रुतून राहिलं. २९ जून २०२४ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत माणसं सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर उभी होती. याच केन्सिंग्टन ओव्हलवर टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या, मिलरचा फटका उंच गेला, सूर्यकुमारनं सीमारेषेवर चेंडू झेलला, आत उडवला, बाहेर जाऊन परत आत येऊन पुन्हा झेलला. सात धावांनी सामना जिंकल्यावर रोहित शर्मा खेळपट्टीपाशी गेला आणि चिमूटभर माती तोंडात टाकली. पाठीवर ४५ लावून फिरणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

ती माती त्या शिडीपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर होती.

कॅरिबियन क्रूझमधल्या बंदराच्या दिवसाचं हे नेहमीचंच दुखणं आहे. जहाजावरून उतरलं की आधी टर्मिनलमधली दुकानं लागतात आणि ती बघून आपण नक्की कुठल्या बेटावर आहोत हे कळायला मार्ग नसतो. हिरे, घड्याळं, करमुक्त दारू, आणि टॅन्झनाइटचे निळे खडे. टॅन्झनाइट जगात फक्त टांझानियात सापडतो. तो अटलांटिक ओलांडून इथं का विकला जातो, हे त्या काउंटरवर विचारून बघायला हरकत नाही. दुकानांच्या पलीकडे टॅक्सीवाल्यांचा घोळका आणि बेटाच्या सहलींचे फलक. चार तासांत अख्खं बेट दाखवतात. म्हणजे वातानुकूलित काचेतून ऊस दिसतो, दोन ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटं उतरवतात आणि एका ठिकाणी रमची चव देतात. बेट लांबीला जेमतेम ३४ किलोमीटर आहे, म्हणून हे जमतं. पण जमतं म्हणून करावंच असं नाही. आपल्याकडेही एका दिवसात अष्टविनायकांतले जमतील तेवढे उरकणारे लोक असतात आणि संध्याकाळी त्यांना मंदिरांपेक्षा पार्किंगच जास्त आठवतं.

आधी वेळेचा हिशेब मांडावा. जहाज आठला लागतं आणि पाचला सुटतं, म्हणून नऊ तास मिळाले असं वाटतं. प्रत्यक्षात कागदपत्रं होऊन शिडी उघडेपर्यंत साडेआठ वाजतात. परत चढायची शेवटची वेळ बहुधा सुटण्याच्या अर्धा तास आधी असते, म्हणजे साडेचार. त्यात वाहतूक, पाऊस आणि बंदराच्या दारावरची रांग यांच्यासाठी तासभर सोडला की हाती सात तास उरतात. शिवाय घड्याळाची एक गंमत असते. बऱ्याच जहाजांवर निघालेल्या बंदराचीच वेळ चालू ठेवतात, आपला फोन मात्र बेटावरच्या टॉवरकडून वेळ घेतो. बार्बाडोसची वेळ वर्षभर एकच असते. हिवाळ्यात ती मायामीच्या तासभर पुढे जाते, म्हणजे फोनवर विसंबलेला माणूस फार तर लवकर पोचेल. उन्हाळ्यात मेक्सिकोच्या कोझुमेलला याच्या नेमकं उलट होतं. तिथं जहाज तासभर पुढे आणि फोन मागे, आणि मग धक्क्यावर पिशव्या सांभाळत धावणारी माणसं आणि वरच्या डेकवरून त्यांना टाळ्या वाजवणारी माणसं, असा खेळ रंगतो. साधं काट्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून मनगटावर ठेवावं. जहाजानं विकलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं; स्वतःच्या जिवावर फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. पुढचं बंदर स्वखर्चानं गाठावं लागतं, आणि भारतीय पासपोर्टवर त्या पुढच्या बंदराचा व्हिसा आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. म्हणून लांबचं काम सकाळी आणि बंदराजवळचं दुपारी. उलटं केलं की पोटात गोळा घेऊन परतावं लागतं.

टर्मिनलमधून बाहेर पडल्यावर शहर पायी गाठता येतं. ऊन मात्र कमी लेखू नये. ब्रिजटाऊन आणि चेन्नई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, फक्त इथला वारा अंगावरचा घाम टिकू देत नाही, त्यामुळे भाजल्याचं रात्री कळतं. बाटली नळावर भरून घ्यावी. बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे, पावसाचं पाणी त्या दगडातून झिरपून गाळलं जातं आणि नळाचं पाणी निर्धास्त पिता येतं. निघण्यापूर्वी एकदा सगळ्यांच्या कपड्यांकडेही बघून घ्यावं. लष्करी ठिपक्यांचे कपडे इथं नागरिकांना घालायला कायद्यानं बंदी आहे, लहान मुलांची चड्डी आणि टोपीसुद्धा त्यात आली. पोहण्याच्या कपड्यांत बाजारातून फिरणंही लोकांना आवडत नाही. कुणी तोंडावर बोलणार नाही, पण दुकानातली बाई 'गुड मॉर्निंग' म्हणायची थांबते. इथं दुकानात शिरताना आधी आपण 'गुड मॉर्निंग' म्हणायचं असतं. ते न म्हणता किंमत विचारणं म्हणजे कुणाच्या घरी चपला घालून आत जाण्यासारखं.

ओव्हल फाँटाबेल भागात आहे. बाहेर सर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. सामना नसेल तर दारं बंद असू शकतात; रखवालदाराला नीट विचारलं तर कधी आत डोकावू देतात, कधी नाही. समोरच्या बाजूला बार्बाडोसच्या क्रिकेटपटूंचं छोटं संग्रहालय आहे, त्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवाव्यात. रविवारी जवळजवळ सगळं शहरच कुलपात असतं, त्यामुळे जहाज रविवारी लागलं तर समुद्रच बरा. मैदान २००७ च्या विश्वचषकासाठी नव्यानं बांधलं, तेव्हा जुनं काही दिसेल ही आशा ठेवू नये. तरीही कुंपणाच्या फटीतून हिरवा तुकडा दिसला की डोक्यात धावफलक हलू लागतो. १९७१ साली वाडेकरांचा संघ इथं ६ बाद ७० असा कोसळला होता. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई आणि हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर यांनी सातव्या जोडीला १८६ धावा केल्या. सरदेसाईंच्या त्यात १५०. दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७. कसोटी वाचली आणि मालिका आपण जिंकली. हे झालं गोड. १९९७ साली याच मैदानावर जिंकायला १२० हवे होते, सचिन कर्णधार होता, आणि सगळा संघ ८१ वर आटोपला. भारतानं इथं कसोटी कधीच जिंकलेली नाही. इतकी वर्षं फक्त कानांनी आणि पडद्यावर पाहिलेली जागा प्रत्यक्षात एका साध्या वस्तीत निघते. शेजारी घरं, वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर रमचं दुकान. थोडा विरस होतो आणि थोडं बरंही वाटतं.

आता बसचं सांगतो, कारण खरी किल्ली तीच आहे.

बंदरापासून शहराकडे येताना चीपसाइडजवळ प्रिन्सेस अ‍ॅलिस बसस्थानक लागतं. तिथून पश्चिम किनाऱ्यानं स्पाइट्सटाऊनला बस जाते. दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या बस शहराच्या दुसऱ्या टोकाला, फेअरचाइल्ड स्ट्रीटच्या बाजूनं सुटतात, आणि ही अदलाबदल नवख्याचा अर्धा तास खाते. बसचे तीन प्रकार असतात. निळी, पिवळ्या पट्ट्याची ती सरकारी. पिवळी, निळ्या पट्ट्याची ती खासगी मिनीबस. आणि पांढरी, तपकिरी-लाल पट्ट्याची व्हॅन, जिच्या नंबरप्लेटवर 'झेडआर' असतं आणि जिला सगळे 'झेडआर' म्हणूनच ओळखतात. तीत संगीत छातीत वाजतं, चार जणांच्या बाकावर पाचवा बसतो आणि ड्रायव्हर वळणावर ब्रेक हा प्रकार मानत नाही. सहाआसनी रिक्षातून गेलेल्याला परकं वाटणार नाही. अंतर कितीही असो, भाडं एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर. एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलरांत बेटाचं टोक. थांब्यांवर फक्त 'शहराकडे' आणि 'शहराबाहेर' अशा अर्थाच्या इंग्रजी पाट्या असतात. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते त्यावरून ठरतं. बस आली की हात बाहेर काढून हलवायचा, नाहीतर ती निघून जाते. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाव ठरवावा आणि सांगितलेले 'वीस डॉलर' कुठले, अमेरिकन की इथले, हे विचारून घ्यावं. भांडणं होतात ती बहुतेक याच एका शब्दावरून.

सरकारी बसमध्ये अमेरिकन नोट चालत नाही आणि सुटे परत मिळत नाहीत. त्यामुळे आधी कुठेतरी पाण्याची बाटली किंवा पाव घेऊन अमेरिकन नोट मोडायची. सुटे इथल्या पैशांत हाती येतात. त्यात सात कोनांचं एक डॉलरचं नाणं असतं, त्यावर उडणारा मासा. आणि पाचची एक नोट असते. नवखा माणूस हमखास ती पाचची नोट बसच्या पेटीपुढे धरतो, ड्रायव्हर मान हलवतो, मागची रांग थांबते. मग पाठीमागची एखादी बाई पर्समधून नाणी काढून नोट बदलून देते.

त्या नोटेवर फ्रँक वॉरेल आहेत.

मार्च १९६२. भारतीय संघ बार्बाडोसशी याच ओव्हलवर खेळत होता. चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या उजव्या कानाच्या वर लागला आणि कवटी फुटली. तेव्हा हेल्मेट नव्हती. ब्रिजटाऊनच्या रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, रक्त हवं होतं, आणि देणाऱ्यांत पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी होते. आणि वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेलही. कॉन्ट्रॅक्टर वाचले, कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत. पुढे पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉरेल रक्ताच्याच कर्करोगानं गेले. वय ४२. कोलकात्यात दर ३ फेब्रुवारीला त्यांच्या नावानं रक्तदान होतं. बंदराच्या उत्तरेला केव्ह हिलच्या विद्यापीठात त्यांची समाधी आहे, पुढे त्यांच्याच संघातले फलंदाज वॉलकॉट आणि वीक्सही त्यांच्याच शेजारी पुरले गेले. तिघंही ओव्हलच्या आसपासच्या वस्तीत जन्मले, दीड वर्षाच्या अंतरात. वेळ असेल तर टॅक्सीनं तिथं जाऊन यावं. खाली विद्यापीठाचं क्रिकेटचं मैदान आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. आणि ओव्हलमधल्या एका स्टँडला वेस हॉल आणि ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजांचं नाव आहे, हेही तिथल्या कुंपणापाशी उभं असताना आठवतं. राग येत नाही. पण नुसतं कौतुकही वाटत नाही.

स्पाइट्सटाऊनची बस किनाऱ्याला लागूनच जाते. समुद्राच्या बाजूची खिडकी मिळाली तर महागड्या हॉटेलांच्या भिंतींमधल्या फटींतून निळं पाणी चमकत राहतं. त्या फटी म्हणजेच रस्ते. बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत, पंचतारांकित हॉटेलासमोरच्या वाळूवरही कुणी उठवू शकत नाही. पैसे पडतात ते खुर्चीचे आणि छत्रीचे. वाटेत होलटाऊनला उतरता येतं. इंग्रजांची पहिली वसाहत इथं १६२७ मध्ये झाली, पण तिथल्या स्मारकावर १६०५ कोरलेलं आहे आणि ती चूक कुणी पुसलेली नाही. पश्चिम किनाऱ्यावर एका झाडापासून मात्र जपावं. मँचिनील म्हणतात त्याला. लहान हिरव्या सफरचंदासारखं फळ, चकचकीत पानं, बऱ्याचदा बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला. त्याच्या चिकानं कातडी भाजते. पाऊस आला की माणूस आपसूक झाडाखाली धावतो आणि पानांवरून ठिबकणारं पाणी अंगावर घेतो, घोटाळा तिथं होतो. पूर्वेला बाथशेबाचा खडकाळ किनारा फार देखणा, पण तिथं अटलांटिक सरळ येऊन आदळतो. सर्फिंगवाले त्या लाटांसाठी जगभरातून येतात. आपण पाय भिजवावेत आणि मागे यावं. त्या बसला जायला-यायलाच दोन तास धरावे लागतात, आणि परतीची बस चुकली तर दुसरीची खात्री नाही. जहाज पाचच्या आधी सुटणार असेल तर बाथशेबाचा नाद सोडावा.

पोहता येत असेल तर दुपार कार्लाइल बेला द्यावी. शहर ओलांडून दक्षिणेला, बंदरापासून चालत पाऊणेक तास. अर्धचंद्राकृती उपसागर, पाणी शांत, आणि तळाशी बुडवलेली जुनी जहाजं. त्यांतलं 'बर्विन' ही १९१९ मध्ये बुडालेली फ्रेंच टगबोट, आता प्रवाळानं मढलेली. ती फार खोल नाही, वरून मुखवटा लावून पोहतानाही दिसते. जेट-स्की आणि बोटींची वर्दळ असते, म्हणून एकट्यानं लांब जाऊ नये, किनाऱ्यावरचा वाटाड्या घ्यावा. मुखवट्यात पाणी शिरतं याचं कारण आपल्या पुरुषांच्या बाबतीत बहुधा मिशी असते. रबराची कड ओठावर बसते, केसांतून फट राहते. नाकाखाली बोटभर पट्टी साफ केली की काम होतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची, याला अजून पर्याय निघालेला नाही. कासवं दिसतात, कधी हातभर अंतरावर. सहलीच्या बोटी त्यांना मासे टाकून जमवतात. मोठं झालेलं हिरवं कासव मुळात समुद्री गवत खाणारं, त्याला मासळीची चटक लावून पर्यटकांभोवती घिरट्या घालायला लावणं पटत नाही. न बोलावता आलेलं कासव बघावं. ते आपल्याकडे ढुंकून बघत नाही, आणि बरोबरच आहे.

जेवण बंदराबाहेर. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठाची भेंडी घालून घोटलेली उकड, तिच्यासोबत टोमॅटो-कांद्यात शिजवलेला उडणारा मासा. शनिवारी आंबवणीतलं डुकराचं मांस आणि रताळ्याचं पुडिंग. शाकाहाऱ्यानं मॅकरोनी पाय, तळलेली केळी, भाजलेलं नीरफणस मागावं. भात-डाळीत मात्र खारवलेल्या मांसाचा तुकडा असतो, तो विचारून घ्यावा. पिवळा सॉस टेबलावर असतो, मोहरी-हळदीमुळे ओळखीचा वाटतो, आणि त्यातली मिरची आपल्या लवंगीला हसते. थेंबभरच घ्यावा. रोटीही मिळते, त्रिनिदादहून आलेली. तिच्यात भरडलेल्या डाळीचं सारण असतं, जणू गूळ घालायचा विसरलेली पुरणपोळी. त्रिनिदाद-गयानात आपले लोक मजूर म्हणून नेले गेले. बार्बाडोसला तशी गरज पडली नाही, कारण गुलामीतून सुटलेल्या माणसांना जायला दुसरी जमीनच नव्हती, ती त्याच उसात राबत राहिली. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला चौकात १८१३ पासून नेल्सनचा पुतळा होता, तो नोव्हेंबर २०२० मध्ये उतरवला. पुढच्या वर्षी देश प्रजासत्ताक झाला. त्या चौकातून नदीवरच्या पुलाकडे बघत मॉबी प्यावं. झाडाची साल उकळून केलेलं हे सरबत पहिल्या घोटाला काढ्यासारखं कडू लागतं, आणि ग्लास संपेपर्यंत आवडायला लागतं.

चारच्या सुमारास ते कुटुंब परत आलं. केसांत वाळू, नातवंडं उन्हानं लाल. पाच वाजता दोर सोडले, भोंगा झाला, लोक कठड्याशी गोळा झाले. आजोबा खुर्चीत बसून खिसे रिकामे करत होते. किनाऱ्यावरच्या खुर्चीवाल्यानं परत दिलेले सुटे. जहाजावर सगळं कार्डावर चालतं, त्यांचा काही उपयोग नव्हता. नातवानं सात कोनांचं नाणं उचललं, मग नोट. "आजोबा, हे कोण?"

आजोबांनी चष्मा लावला, नोट उन्हाकडे धरली, खालचं नाव वाचलं. "अरे, हा तर वॉरेल! यानं आपल्या कॉन्ट्रॅक्टरला रक्त दिलं होतं."

"कुठे?"

आजोबांनी वर बघितलं. जहाज तोवर वळलं होतं, आणि त्यांच्या खुर्चीच्या बाजूला नुसता समुद्र होता.